प्रयोगातल्या रॅटचं पित्त मोजताना या चुका टाळा (आधी तापमानाचा प्रोब लावा)

डिसेंबरातली पुण्याची सकाळ. खोलीत एसी चालू, स्टीलच्या टेबलावर युरेथेनची भूल दिलेला अडीचशे ग्रॅमचा विस्टार जातीचा रॅट. एम.फार्म.चा एक मुलगा धावत आला, "सर, औषधानं पित्त निम्म्यावर आलं!" कंट्रोलचं, म्हणजे औषध न दिलेल्या रॅटचं किती, असं विचारलं. तो म्हणे उद्या करणार होता. गुदाशयात प्रोब घातला तर तापमान 33. भुलीखालच्या प्राण्याला अंग गरम ठेवता येत नाही, आणि यकृत गारठलं की पित्त मंदावतंच. दुसऱ्या दिवशी नुसतं सलाइन दिलेल्या रॅटचा आलेखही तसाच घसरला. तोवर गाइडला मेल गेलेला! तेव्हापासून हीटिंग पॅडवर 37 अंश, आणि दर 15 मिनिटांच्या नमुन्यासमोर तापमानाचा आकडा. तो रकाना रिकामा असेल तर मी वही परत करतो.

बरं, ऊब नीट ठेवली तरी पित्त हळूहळू उतरतंच. कॅन्युलातून (पित्तनलिकेत घातलेल्या बारीक नळीतून) पित्त बाहेर काढलं की पित्ताम्लं (पित्ताचा प्रवाह चालू ठेवणारी आम्लं) आतड्यातून यकृतात परतत नाहीत, साठा आटत जातो. म्हणून कंट्रोल त्याच दिवशी, त्याच वेळी. एका रॅटची सकाळ आणि दुसऱ्याची संध्याकाळ शेजारी मांडू नका. प्रयोग लांबणार असेल तर टॉरोकोलेट (एक पित्ताम्ल) बाहेरून देणं चालू ठेवा. आणि कॅन्युला घातल्यावर पहिला अर्धा तास मोजायचं नाही. इथेच सगळ्यांना घाई असते.

रॅटला पित्ताशय नसतं, पण स्वादुपिंडाच्या नळ्या पित्तनलिकेतच उघडतात. खाली टोचलंत तर भलताच रस मोजाल, म्हणून यकृताजवळ जा. माउसला पित्ताशय असतं, त्याची नळी आधी बांधा.

पिपेटनं आकारमान मोजू नका, चिकट पित्त टिपला चिकटतं. आधी वजन केलेल्या ट्यूबमध्ये गोळा करून परत तोला. एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरलं तर चालतं. बिलिरुबिन बघायचं असेल तर ट्यूबला फॉइल गुंडाळा, ते उजेडात नासतं.

यकृताच्या चाचण्यांसाठी रक्त घाईनं ओढलं की रक्तपेशी फुटतात आणि एएसटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) फुगतो. गुलाबी सीरम मी सरळ फेकायला लावतो. अल्कलाइन फॉस्फेटेज या दुसऱ्या एन्झाइमवर तर रॅटमध्ये फार विसंबू नका, त्यातलं बरंचसं आतड्याचं असतं आणि उपाशी ठेवलं की उतरतं. एकाला उपाशी, दुसऱ्याला पोटभर ठेवून "यकृत सुधारलं" म्हणणारे मी तीन तरी पाहिलेत.