सिंह दिसला नाही तर काय दाखवाल?

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात पहिल्यांदा ग्रुप घेऊन गेले तेव्हा माझ्या वहीत एकच यादी होती: सिंह, हत्ती, रानम्हैस, गेंडा, बिबट्या. दिसला की बरोबरची खूण. ऑगस्ट महिना, बावीस पाहुणे, चार लँडक्रूझर. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आम्ही मारा नदीच्या काठावर जाऊन थांबलो. पलीकडे हजारो वाइल्डबीस्ट, म्हणजे गाईगुरांसारखी दिसणारी मोठी हरणं, जमले होते. पुढचा एक पाण्यापर्यंत यायचा, वास घ्यायचा, मागे फिरायचा. असं दोन वाजेपर्यंत चाललं. मग सगळा कळप वळला आणि धुळीत दिसेनासा झाला. "एवढे पैसे भरून आम्ही काय केलं, तर गाडीत बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या," एक काका म्हणाले. मला उत्तर सुचलं नाही.

संध्याकाळी आमच्या सर्वांत जुन्या ड्रायव्हर-गाइडपाशी मी रडगाणं गायले. सगळे त्यांना 'मझे' म्हणायचे, म्हणजे वडीलधारे. ते हसले. म्हणाले, नदीवर सहा तास बसलात आणि नदी कोणीच बघितली नाही.

पूर्व आफ्रिकेच्या सहलींवर टूर लीडर म्हणून नव्याने जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मी बॉटनीची पदवी घेऊन या धंद्यात आले, पण त्या पदवीचा उपयोग मला मझेंच्या त्या टोमण्यानंतर कळला. प्राणी आपल्या हातात नसतात. जमीन, पाणी, गवत, खडक मात्र रोज जागेवर असतात, आणि प्राणी कुठे सापडेल हेही तेच सांगतात.

आधी कामाची वाटणी समजून घ्या. जंगलातला गाइड तुम्ही नव्हे. केनियात ड्रायव्हर-गाइडच्या संघटनेच्या परीक्षा असतात, आणि त्यातून ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे मिळतात. त्या माणसाच्या छातीवरचा बिल्ला बघा आणि नम्र राहा. आपलं काम दुव्याचं. त्याला माहीत असलेलं पाहुण्यांना त्यांच्या ओळखीच्या गोष्टींतून सांगायचं.

याची सुरुवात नैरोबीहून निघाल्यावर तासाभरातच करता येते. नारोककडे जाताना रस्ता घाटात उतरतो आणि समोर रिफ्ट व्हॅली उघडते. पलीकडे लोंगोनोट ज्वालामुखी दिसतो. बहुतेक लीडर इथे गाडी थांबवतात ती स्वच्छतागृहासाठी आणि लाकडी जिराफांच्या खरेदीसाठी. तुम्ही पाच मिनिटं काढा आणि सांगा, की इथे आफ्रिका खंड उभा फाटतो आहे, आणि पुढे जे ज्वालामुखी, खारी तळी, राखेची माळरानं बघायची आहेत ती सगळी या फाटण्यातून आली. एवढं डोक्यात असलं की पुढचे आठ दिवस एका धाग्यात बसतात.

आता ती नदी. मारा नदी उत्तरेच्या माऊ जंगलात उगम पावते, अभयारण्यातून वळणं घेत टांझानियात शिरते आणि व्हिक्टोरिया सरोवराला मिळते. कोरड्या दिवसांत भरवशाचं पाणी देणारी या पट्ट्यातली नदी हीच, म्हणून साधारण जुलै ते ऑक्टोबर कळप इथे असतात. त्यांना पाणी ओलांडताना बघायला जग येतं, पण ओलांडतीलच याची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि ब्रीफिंगमध्ये तुम्हीही देऊ नका. त्याऐवजी काठ दाखवा. कुठे उतार आहे, कुठे सरळ कडा. कड्याखाली बुडणारे जास्त. दरवर्षी सरासरी सहा हजारांवर वाइल्डबीस्ट इथे बुडून मरतात, आणि त्यांच्यावर मगरी, गिधाडं, मराबू करकोचे, मासे असा सगळा गोतावळा जगतो. वळणावरच्या डोहात पाणघोडे असतातच. ते रात्री बाहेर चरतात आणि दिवसा पाण्यात शेण टाकतात, म्हणजे माळावरचं गवत नदीत पोचवण्याचं काम करतात. हे ऐकल्यावर त्याच काकांसारखे काका दुर्बीण हातातून सोडत नाहीत.

मारा राखीव क्षेत्र १,५१० चौरस किलोमीटरचं, सीमेपलीकडचं टांझानियातलं सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचं. नकाशावर दोन्ही चिकटलेली दिसतात आणि पाहुणे विचारतात, मग सरळ का नाही जात? आम्हाला इसेबानियाच्या सीमानाक्यावरून मोठा वळसा घालावा लागला होता. तो दिवस कार्यक्रमपत्रिकेत 'प्रवास' म्हणूनच लिहा.

सेरेंगेटीच्या दक्षिणेला, एंडुटूच्या बाजूला, मला सगळ्यात जास्त आवडणारी जागा आहे, आणि फोटोत ती काहीच दिसत नाही. क्षितिजापर्यंत आखूड गवत. एक झाड नाही. पहिल्यांदा मी गाडीत गप्प बसले होते, कारण बोलायला काय आहे? मग मझेंनी सांगितलं. शेजारच्या न्गोरोंगोरो डोंगराळ भागातल्या ज्वालामुखींनी हजारो वर्षं इथे राख टाकली. राखेतला चुना पावसाने खाली झिरपला आणि जमिनीखाली थोड्याच अंतरावर त्याचा कडक थर जमला. झाडाचं मूळ त्याला भेदू शकत नाही, गवत मात्र वरच्या मातीत मजेत वाढतं, आणि त्यात कॅल्शियम-फॉस्फरस भरपूर. म्हणून जानेवारी ते मार्चच्या दरम्यान लाखो वाइल्डबीस्ट विण्यासाठी इथे येतात. दूध पाजणाऱ्या आईला हे गवत लागतं, आणि दबा धरायला झाड-झुडूप नसल्याने शिकारी लांबून दिसतो.

पुढच्या खेपेला मी हे सांगत असताना मागच्या सीटवरून साताऱ्याच्या एक काकू म्हणाल्या, "म्हणजे आमचं कासच की!" अगदी बरोबर. कासला खाली जांभ्याचा कातळ, वर बोटभर माती, म्हणून झाडं नाहीत आणि फुलं आहेत. इथे कातळाच्या जागी चुन्याचा थर. त्या काकूंनी मग उरलेल्या तिन्ही गाड्यांना हे समजावून सांगितलं. माझं काम संपलं.

या माळावर मधूनच ग्रॅनाइटचे ढीग डोकं वर काढतात, त्यांना कोपिए म्हणतात. हंपी बघितलेल्यांना ओळख पटायला वेळ लागत नाही. आजूबाजूला राख साचत गेली आणि हे जुने खडक बेटांसारखे उरले. भेगांत पावसाचं पाणी राहतं, सावली मिळते, उंचावरून सगळं दिसतं. सिंहीण पिल्लं घेऊन इथे न बसली तरच नवल. आणि ती नसेल तर हायरॅक्स असतोच. सशाएवढा, घुशीसारखा दिसणारा हा प्राणी हत्तीचा जवळचा नातेवाईक आहे, हे सांगितल्यावर गाडीत जी चर्चा होते ती सिंहाच्या वेळीही होत नाही.

न्गोरोंगोरोला प्रत्येक ग्रुपमध्ये एकजण विचारतो, "लोणारसारखंच ना हे?" हो म्हणू नका. नाहीही म्हणू नका. लोणार उल्कापाताने झालं आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. न्गोरोंगोरो हा आतून रिकामा होऊन खचलेला ज्वालामुखी. तळ साधारण २६० चौरस किलोमीटर, भिंती सहाशे मीटर उंच. पण दोन्हींच्या तळाशी खारं, अल्कधर्मी पाणी आहे आणि दोन्हीकडे फ्लेमिंगो येतात. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं ते खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे. फ्लेमिंगोचा रंगही तो जे खाऱ्या पाण्यातून गाळून खातो त्यातूनच येतो. तळाला जिराफ मात्र शोधत बसू नका, तो खाली राहत नाही. वर कड्यावर पहाटे महाबळेश्वरसारखं धुकं आणि कडाक्याची थंडी असते. "आफ्रिकेत कशाला स्वेटर" म्हणणारे किमान तीन जण निघतात. जास्तीच्या दोन शाली मी स्वतःच नेते.

टांझानियातल्या तरंगिरे उद्यानात गेलात तर गोरखचिंच दाखवा. वसईच्या किल्ल्यात आहे तीच, इथे आपल्या मूळ मुलखात. कोरड्या दिवसांत हत्ती ओलाव्यासाठी तिची साल सोलून खातात, बुंध्यावर ते घाव स्पष्ट दिसतात. केनियातल्या अंबोसेली उद्यानातून किलिमांजारो पाहायचा असेल तर पहाटे उठवा. नंतर ५,८९५ मीटरचा तो डोंगर दिवसभर ढगात असू शकतो.

वारुळांकडे दुर्लक्ष करू नका. मारात टोपी नावाचं हरीण वारुळावर चढून पहारा देतं, चित्ताही तिथूनच टेहळणी करतो. ड्रायव्हर आधी वारुळं बघतो, मग गवत. तेवढं पाहुण्यांना शिकवलं की ते स्वतः शोधायला लागतात आणि "ताई, कधी दिसणार?" हा प्रश्न बंद होतो.

राहिली किरकोळ कामं, जी चुकली तर बाकीचं सगळं फुकट. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, आणि तिचं कार्ड पासपोर्टला जोडून. परतताना भारतातल्या विमानतळावर ते मागतात. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, म्हणून लाडू-चिवडा डब्यात. काळे आणि गडद निळे कपडे नकोत, चावणाऱ्या त्से-त्से माश्या त्यांच्यावर येतात. चार स्वाहिली शब्द बसमध्येच शिकवा. 'हबारी' म्हणजे खबर, 'हेसाबू' म्हणजे हिशेब, 'गारी' म्हणजे गाडी. लोक खूश होतात. वायरलेसवर ड्रायव्हर 'चुई' म्हणाला की बिबट्या, हे मात्र सांगू नका, नाहीतर तो मिळेपर्यंत चारही गाड्यांत आरडाओरडा.

आणि न्गोरोंगोरोच्या तळाशी जेवायला थांबाल तेव्हा गाडीच्या आतच जेवा. तिथल्या घारी तरबेज आहेत. माझ्या हातातलं थालीपीठ गेलं तेव्हा बावीसही जणांनी कॅमेरे तयार ठेवले होते, आणि त्या सहलीतला सगळ्यात जास्त फिरलेला फोटो तोच.