सुपर कॉरिडॉरवर वेग आवरायचा कसा

मी इंदूरला गाडी चालवायला शिकवते. सुपर कॉरिडॉर हा इथला रुंद रस्ता मोकळा दिसला की नव्या हाताला वेगाचं भान राहत नाही. म्हणून आधी वेगमर्यादेची पाटी मोठ्यानं वाचायला लावते. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात सेकंद मोजा. तुम्ही तिथं दोनच्या आत पोचलात, तर ॲक्सिलरेटरवरून पाय उचला. पावसात चार मोजा.

ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर पळते, म्हणजे ब्रेकवर पाय पडेपर्यंतच तेवढं अंतर गेलं. शिवाय ४० चा वेग ८० केला की ब्रेक लागल्यावरचं अंतर चौपट होतं. सगळ्यांना ते दुप्पटच वाटतं!

वेगमर्यादा ओलांडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये कारसाठी १,००० ते २,००० रुपये दंड आहे. पुन्हा सापडलात तर लायसन्सही जप्त. बेदरकारपणात कुणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद.

आईबाबांनो, अल्पवयीन मुलाच्या हाती किल्ली देऊच नका. त्याच्या गुन्ह्यासाठी तुम्हाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड होऊ शकतो, आणि त्याला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.