प्रिसिला मलिन्सचे माहेर शोधताना

सतराव्या शतकातील अमेरिकी वसाहतींत स्त्रीचे माहेर शोधणे कठीण जाते. विवाहानंतर तिचे पहिले आडनाव नोंदींतून नाहीसे होते आणि इंग्लिश कायद्याने तिची मालमत्ता पतीच्या हाती जात असल्याने तिच्या स्वतःच्या नावाचे खरेदीखत किंवा मृत्युपत्र क्वचितच सापडते. म्हणून शोध वडील, भाऊ आणि पती यांच्या कागदपत्रांतून करावा.

1620 मध्ये 'मेफ्लॉवर' जहाजातून अमेरिकेतील प्लिमथ वसाहतीत आलेली प्रिसिला मलिन्स घ्या. गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांच्या प्रवासी-यादीत ती वडील विल्यम, त्यांची पत्नी, भाऊ जोसेफ आणि एक नोकर यांच्यासह आढळते. पहिल्याच हिवाळ्यात बाकीचे सारे मरण पावले आणि तिने पुढे जॉन ऑल्डनशी विवाह केला, हेही तेथेच कळते. मात्र ही यादी सुमारे तीस वर्षांनंतर लिहिलेली आहे, याची नोंद आपल्या टिपणात अवश्य करावी.

खरा दुवा वडिलांच्या मृत्युपत्रात मिळतो. 1621 मध्ये ते इंग्लंडमध्ये प्रमाणित झाले. त्यात पत्नी ॲलिस, मुले जोसेफ व प्रिसिला यांच्यासह मायदेशी राहिलेला थोरला मुलगा विल्यम याचेही नाव असून, 21 डझन बूट हे त्यांच्या व्यवसायाची साक्ष देतात. विवाहित मुलगी सारा ब्लंडेन हिचे नाव मृत्युपत्र प्रमाणित करतानाच्या नोंदीत आहे. स्थलांतर न केलेल्या अशा भावंडांचा पाठपुरावा आधी करावा, कारण तोच सरे परगण्यातील डॉर्किंग या गावापर्यंत पोहोचवतो. इंग्लंडमधील चर्चच्या बाप्तिस्मा-विवाह-दफन नोंदवह्या 1538 पासून सुरू होतात. त्या वाचताना 1752 पूर्वी तेथे नवे वर्ष 25 मार्चला सुरू होत असे, हे विसरल्यास जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखा वर्षभराने चुकतात. नात्यांचे शब्दही जपून वाचावेत, कारण 'डॉटर-इन-लॉ' हा शब्द तेव्हा सावत्र मुलीलाही लावत असत.

आईचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. मृत्युपत्रातील 'माझी पत्नी ॲलिस' या शब्दांवरून ॲलिस ही प्रिसिलाची सख्खी आई ठरत नाही, ती सावत्र आईही असू शकते. शिवाय तिचे माहेरचे आडनाव सांगणारा विश्वसनीय पुरावा नाही. अनेक वंशवृक्षांत ते बेधडक भरलेले दिसते, तसेच आडनावाच्या साम्यावरून या घराण्याला ह्यूगनो (फ्रान्समधील प्रोटेस्टंट) ठरवणारा दावाही दिसतो. अशा नोंदी उतरवून घेण्याआधी मूळ कागद मागावा, आणि तो मिळेपर्यंत आपल्या वंशवृक्षात 'ॲलिस' या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवून आडनावाचा रकाना कोराच ठेवावा.