मॉडेल रेल्वे प्रदर्शनाला नेताय? या चुका टाळा

मॉडेल रेल्वेचा नाद लागलेली मुलं भेटायला येतात ती आधी मोबाइल पुढं करतात. डोंगर, बोगदा, दिवे लावलेलं स्टेशन, पारावर बसलेला म्हातारा. छानच असतं सगळं. मी एवढंच विचारतो, "हे जिन्यावरून खाली कसं आणणार?" मग एकमेकांकडे बघतात.

घरात कायमचा मांडलेला लेआउट, म्हणजे रूळ-डोंगर-स्टेशनाची अख्खी मांडणी, ही वेगळी गोष्ट. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, तिथं माणसं लेआउटकडे जातात. प्रदर्शनाच्या लेआउटला माणसांकडे जावं लागतं. म्हणजे तो आधी सामान, मग रेल्वे. हे डोक्यात न घेतल्यामुळं होणाऱ्या त्याच त्या चुका बघून कंटाळा आलाय, म्हणून लिहितोय.

आधी रूळ, मग दरवाजा

कागदावर ट्रॅक प्लॅन काढायच्या आधी टेप घ्या आणि घराचा दरवाजा, जिन्याचं वळण आणि टेम्पोचा हौदा मोजा. सगळे नेमकं उलटं करतात. सहा बाय तीनचा बोर्ड करून बसतात, कारण प्लॅन तेवढ्यात छान बसतो. दोन माणसांना तो उचलतो, पण जिन्यात वळत नाही.

माझं माप ठरलेलं आहे, चार फूट बाय दोन फूट. आठ बाय चारच्या प्लायमधून असे चार बोर्ड निघतात, वाया काही जात नाही. (करवतीची जाडी धरायला सुताराला आधीच सांगा, नाहीतर चारही बोर्ड वेगवेगळे भरतात.) छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट लांब असतो, बोर्ड आडवे ठेवले की एका थरात तीन बसतात. वर ९ एमएम प्लाय, खाली चार इंच उंचीची चौकट. चार इंच अशासाठी की पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) हलवणारी मोटर बोर्डाखाली लटकलेली असते. दोन इंचाची पट्टी लावून पैसे वाचवणाऱ्यांच्या मोटरी बोर्ड पहिल्यांदा जमिनीवर टेकवतानाच तुटतात.

दोन फूट रुंदीत एचओची गाडी फिरून परत येत नाही, ही खरी अडचण. एचओ म्हणजे १:८७, खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं माप, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. १८ इंच त्रिज्येचं अर्धवर्तुळ घेतलं तरी तीन फुटांच्या वर जागा लागते. मग लोक लूपसाठी एकच भलामोठा बोर्ड करतात आणि वाहतुकीत तोच रडवतो. त्यापेक्षा लूप मधोमध कापून दोन बोर्डांत करा.

नाहीतर मी करतो ते करा, आपल्या सोलापूर जिल्ह्याचीच गाडी घ्या. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीपर्यंत सुरू झाली. गेज अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ नं भागा, ८.७६ येतात. एन स्केलचा, म्हणजे एचओहून लहान मापाचा, रूळ ९ मिलिमीटरचा मिळतो. म्हणजे रूळ आणि चेसिस एनचे, वर बॉडी एचओच्या मापाची, आणि नऊ इंच त्रिज्येचा लूप दोन फुटांत आरामात बसतो. खरी लाइन आता ब्रॉडगेज झाली आहे, त्यामुळं स्टॉलवर बार्शी-पंढरपूरकडची जुनी माणसं थांबून तासभर बोलतात, तो वरचा नफा.

जोडावरची रुळांची टोकं

या विषयावर मी बोलायला लागलो की आमच्या घरातले उठून जातात. तुम्ही मात्र बसा.

आमच्यातल्या एका इंजिनिअरिंगच्या पोरानं कुर्डुवाडी यार्डाचं मॉड्यूल, म्हणजे दुसऱ्यांना जोडायचा सुटा बोर्ड, केलं होतं. काम इतकं बारीक की वर्कशॉपच्या भिंतीवरचे पावसाचे ओघळसुद्धा रंगवलेले. पण बोर्डाच्या कडेला रूळ अर्धा इंच बाहेर सोडलेले आणि त्यावर जॉइनर (रूळ जोडायच्या पत्र्याच्या पट्ट्या) चढवलेले. "जागेवर गेल्यावर सरकवून जोडू की, काका!" मी म्हटलं, टोकं झाक तरी. त्यानं त्यावर बबल रॅप गुंडाळला. पुण्याला निघालो. मोहोळ सोडेपर्यंत सगळं ठीक होतं, पुढं एका गतिरोधकावर टेम्पो उडाला आणि शेजारचा बोर्ड सरकून त्या टोकांवर आला. हॉलवर उघडून बघतो तर दोन्ही रूळ मांजराच्या शेपटीसारखे वर. पकडीनं सरळ केले, स्लीपर तुटले, ते फेविक्विकनं चिकटवले. गाडी दर फेरीला त्याच जोडावर घसरायची. कठड्याला टेकून एक छोटी मुलगी उभी होती, ती प्रत्येक वेळी मोठ्यानं "पडली!" म्हणून जाहीर करायची. तिची आई तिला ओढत होती, ती हलत नव्हती. लोक यार्डाकडे बघतच नव्हते, पुन्हा कधी पडते याची वाट बघत होते.

आता नीट ऐका. रूळ बोर्डाच्या कडेला तंतोतंत संपला पाहिजे, केसभरही बाहेर नको. शेवटच्या इंचात प्लास्टिकचे स्लीपर काढून टाका, तिथं कॉपरच्या पीसीबीची (सर्किट बोर्डाची) पट्टी स्क्रूनं बसवा, दोन रुळांच्या मध्ये तिचं तांबं खरवडून तोडा (नाहीतर शॉर्ट) आणि रूळ पट्टीला सोल्डर करा. पण त्याआधी दोन्ही बोर्ड एकमेकांना आवळा, रूळ जोडावरून अखंड टाका, दोन्हीकडे सोल्डर करा आणि शेवटी पातळ कटिंग डिस्कनं जोडावर कापा. दोन बोर्ड वेगवेगळे करून नंतर टोकं जुळवायला बसलात तर ती कधीच जुळत नाहीत.

आणि बोर्ड जुळवायला नुसता बोल्ट पुरत नाही. बोल्टाचं काम आवळायचं, जागा ठरवायचं काम पिनेचं. एम८ बोल्टाला मी मुद्दाम १० एमएमचं सैल भोक ठेवतो, आणि दर जोडाला पिन-बुशच्या (खुंटी आणि तिच्या खोबणीच्या) दोन जोड्या बसवतो. अशा तयार पिना (डॉवेल) मागवता येतात. मी एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून करून घेतो, स्वस्त पडतं आणि समोर उभं राहून करून घेता येतं. सी-क्लॅम्प लावून "चालतंय की" म्हणणाऱ्यांनी एकदा कुणाचा तरी धक्का टेबलाला लागू द्यावा.

सोलापूरकरांसाठी एक जास्तीची गोष्ट. दोन्ही टोकं सोल्डर केली की रूळ वाढायला जागा उरत नाही. निकेल सिल्व्हरचा चार फुटी रूळ वीस-पंचवीस अंशांच्या फरकानं जवळपास अर्धा मिलिमीटर वाढतो. जानेवारीत रात्री बसून टाकलेला रूळ एप्रिलमध्ये मधूनच उचलतो तो यामुळं. बोर्डाच्या मध्यावर मिलिमीटरभर फट ठेवा, तिथं जॉइनर सैल सोडा आणि फटीच्या दोन्ही बाजूंना वेगळी फीडर वायर द्या. पॉइंट जोडापासून किमान सहा इंच आत. बस.

ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी सरळ टी-ट्रॅक करावं. एन स्केल, काटो कंपनीचे तयार युनिट्रॅक रूळ, सिंगल मॉड्यूलवर ३१० मिलिमीटर ट्रॅक, टेबलावर ठेवायचं आणि एकमेकांना लावायचं. त्यात कमीपणा काही नाही. कमीपणा अर्धवट सुतारकामात आहे.

दोन पिनांचा प्लग

ही चूक नाही, गुन्हा आहे. ट्रॅकची वायर एका मॉड्यूलमधून दुसऱ्यात न्यायला भिंतीच्या सॉकेटला लावायचा साधा टू-पिन टॉप वापरतात. का, तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. एका शाळेच्या हॉलमध्ये मी हे डोळ्यांदेखत पाहिलंय. मुलं चहाला गेली होती, हॉलवरच्या माणसाला टेबलाखाली एक प्लग लोंबकळताना दिसला, आणि बिचाऱ्यानं मदत म्हणून तो भिंतीत खोचला. पंधरा व्होल्टच्या रुळांवर थेट २३० व्होल्ट. इंजिनातून धूर, डीकोडर (इंजिनातलं कंट्रोलचं सर्किट) खलास, एमसीबी पडला. त्या क्षणी रुळांवर एखाद्या पोराचं बोट असतं तर? पुढं त्या मुलांनी काय करावं! त्याच प्लगवर कागद चिकटवला, "लावू नये".

कागद नको. भिंतीत जाऊच शकणार नाही असा कनेक्टर वापरा. मी एक्सटी६० लावतो, ड्रोन आणि ई-बाइकवाल्यांकडे मिळतो, उलटा बसत नाही. करंट जिकडून येतो तिकडे कायम मादी, म्हणजे उघड्या पिनांत जिवंत वीज राहत नाही. बससाठी, म्हणजे सगळ्या मॉड्यूलखालून जाणाऱ्या मुख्य वायरसाठी, १.५ स्क्वेअर एमएमची वायर, रंग सगळ्या मॉड्यूलना तेच. मांडणी झाली की सर्वात लांबच्या मॉड्यूलवर रुळांवर आडवं एक रुपयाचं नाणं ठेवायचं. डीसीसी (डिजिटल कंट्रोल) बूस्टर, म्हणजे रुळांना वीज देणारा डबा, लगेच ट्रिप व्हायला हवा. नाही झाला तर वायर बारीक आहे किंवा एखादा जोड ढिला, आणि खरा शॉर्ट होईल तेव्हा काहीतरी वितळणार.

टेम्पोत

बोर्ड सुटे रचू नका. दोन बोर्ड तोंडाला तोंड करून, मध्ये झाडं-इमारतींच्या उंचीएवढं अंतर सोडून, दोन्ही टोकांना प्लायची फळी बोल्ट करा. खोकं तयार होतं, रुळांची टोकंही आपोआप झाकली जातात. मधल्या फटींत जुनी सोलापुरी चादर. थर्माकोलचे दाणे बोगद्यात शिरतात आणि इंजिनाच्या गिअरमध्ये सापडतात, चादर निदान झटकता येते. इंजिनं-डबे लेआउटवर उभे ठेवून नेणाऱ्यांशी मी बोलत नाही. ते डब्यात, फोममध्ये, आणि डबा केबिनमध्ये मांडीवर.

ड्रायव्हर "मालक, बसतंय की अजून" म्हणत वर दुसऱ्या कुणाची पोती चढवतो. भाडं पूर्ण टेम्पोचं ठरवा आणि लोडिंग होईपर्यंत हलू नका.

उन्हात ताडपत्रीखाली ग्लूगनचा गोंद मऊ पडतो. त्यावर उभी केलेली झाडं पोचेपर्यंत आडवी झालेली असतात. झाडाच्या बुडाला तार सोडून भोकात रोवा आणि फेविकॉल लावा. वेळ लागतो, लागू दे.

बाकीचं थोडक्यात

पाय फिक्स लांबीचे नकोत, खाली टी-नट आणि बोल्ट लावा, कारण कुठल्याच हॉलची फरशी सपाट नसते. रूळ पॉलिशपेपरनं घासू नका, ओरखड्यांत धूळ अजून बसते, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं पुरतं. मैदानात स्टॉल मिळाला तर ते दर तासाला. फ्री-मो या मॉड्यूल जोडायच्या मानकातली रुळांची जमिनीपासून ५० इंच उंची मोठ्यांसाठी ठीक, आपल्याकडे समोर शाळेची पोरं असतात. ३६ इंच ठेवा आणि पुढं आठ इंचाची ॲक्रिलिक पट्टी. शंटिंगची (डबे मागंपुढं करून जोडायची) कसरत घरी करा, लोकांना गाडी फिरताना बघायची असते. हॉलवर आदल्या संध्याकाळी पोचा. सकाळी नऊच्या उद्घाटनाला सातला येणाऱ्यांची गाडी दुपारी सुरू होते.

परतीचं पॅकिंग कुणी मनावर घेत नाही. शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांना भूक लागलेली, हॉलवाला दिवे घालवतोय, आणि सर्वात जास्त मोडतोड तेव्हाच होते. आधी गाड्या डब्यात, मग कनेक्टर सोडवा, मग बोल्ट. प्रत्येक जोडाचे बोल्ट त्याच जोडाच्या पिशवीत, पिशवी चौकटीला आतून बांधलेली. प्रेक्षकांतला कुणी हौसेनं बोर्ड उचलू लागला तर त्याच्या हातात चादरी द्या.