लांब कॅम्पेन मधेच का बंद पडते? जीएमनी या चुका टाळा

फासा पडला. 83.

इंदिरानगरमधल्या एका मित्राच्या घरी शनिवारी संध्याकाळी सहा खेळाडू आणि मी, असे सात जण टेबलावरचा रोलप्लेइंग गेम खेळायला बसलो होतो. यात प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो, जीएम (गेम मास्टर), म्हणजे इथे मी, बाकीचं सगळं जग चालवतो, आणि अवघड गोष्ट जमली का ते फासा ठरवतो. अशा एका बैठकीला सेशन म्हणतात, आणि अनेक सेशन चालणाऱ्या एका कथेला कॅम्पेन. खेळातला काळ 1969 चा पावसाळा, जागा जुन्या नाशकातला एक वाडा. पात्रांनी खटपट करून तळघर उघडलं, बळदात हात घातला आणि कापडात गुंडाळलेली एक चोपडी बाहेर काढली. पुढची सगळी कथा त्या चोपडीत होती. चोपडी मोडीत होती. मोडी येणारं पात्र एकच, आणि त्याचं कौशल्य 40 टक्के. म्हणजे शंभराच्या फाशावर 40 किंवा त्याखाली पडायला हवं होतं.

पुढचा दीड तास पात्रं तळघराच्या भिंती ठोकत राहिली. माझ्याकडे दुसरं काही तयारच नव्हतं. एकाने मोबाइल काढला, एकीने उरलेला चिवडा परत डब्यात भरला. पुढच्या शनिवारी तिघेच आले, त्यानंतर कोणीच नाही. सातव्या सेशनला ती कॅम्पेन थांबली.

त्यानंतर मी तीन कॅम्पेन शेवटापर्यंत नेल्या. त्यातली एक दोन वर्षं चालली. आता शहरात नव्याने जीएम झालेली मुलंमुली भेटली की त्यांच्या वह्या मी आवर्जून बघतो. पानंच्या पानं मेहनत केलेली असते, आणि बहुतेक वह्यांत माझीच जुनी चूक असते: खेळाडू काय करतील हेसुद्धा जीएमनेच लिहून ठेवलेलं असतं.

गोष्ट लिहून आणणं

‘मग पात्रं देवळात जातात, तिथे त्यांना पुजारी भेटतो, तो त्यांना गुहेचा रस्ता सांगतो.’ असं वाक्य वहीत आलं की तिथेच थांबा. पात्रं देवळात जाणार नाहीत. ती पुजाऱ्याच्या मेव्हण्याला गाठतील, त्याला जेवायला घालतील आणि गुहेऐवजी त्याच्या जमिनीच्या भांडणात उतरतील. मग त्यांना ओढूनताणून देवळाकडे आणावं लागतं. हे ओढणं खेळाडूंना पहिल्यांदा खपतं, तिसऱ्यांदा खपत नाही. आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही, हे एकदा कळलं की माणूस शनिवार दुसऱ्या कामाला देतो.

गोष्टीऐवजी पेच तयार करा. कोणाला काय हवंय, ते त्याला अजून का मिळालेलं नाही, आणि पात्रं घरीच बसली तर पुढे काय घडेल? ही तीन उत्तरं पक्की असतील तर पात्रं कुठेही गेली तरी तुम्ही अडत नाही. त्यातलं तिसरं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कोणी लिहीत नाही.

माझी पद्धत गोदेने शिकवलेली आहे. रामकुंडापाशी नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर आकडे विचारत नाहीत, ‘मारुतीच्या कुठवर आलंय?’ असं विचारतात. मी वहीत मारुतीची आकृती काढतो आणि पाच रेघा मारतो: पाय, गुडघे, कंबर, छाती, डोकं. प्रत्येक रेघेला खलनायकाच्या कामाचा एक टप्पा. वाड्याच्या कॅम्पेनमध्ये एका सावकाराला तिथल्या आडातलं काहीतरी बाहेर आणायचं होतं. पायाला पाणी लागलं तेव्हा वाड्यातला शेवटचा भाडेकरू निघून गेला. गुडघ्याला, गंगेवर, म्हणजे गोदेच्या घाटावर, बसणारी एक फुलवाली दिसेनाशी झाली. कंबरेला, गल्लीतल्या सगळ्या आडांचं पाणी खारट लागायला लागलं. छातीला सावकाराची माणसं तळघर फोडणार होती, आणि डोक्यावरून पाणी गेलं की पूर आणि आड एक होणार होते.

प्रत्येक सेशननंतर मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: पात्रांनी आज काही अडवलं का? अडवलं असेल तर पाणी तिथेच राहतं, नाहीतर एक रेघ वर चढतं. पहिल्या वेळी हे चित्र मी वहीत लपवून ठेवलं होतं. आता टेबलाच्या मधोमध ठेवतो. 1969 चा महापूर नाशकातल्या घराघरांत आजीआजोबांकडून ऐकलेला असतो, त्यामुळे शेवट काय होणार हे खेळाडूंना आधीच ठाऊक असतं. छातीच्या रेघेवर निळं पेन टेकवलं की खोली गप्प होते. एवढी शांतता मला कुठल्याही वर्णनाने कधी मिळालेली नाही.

पूर्वी मी एका सेशनसाठी वीसेक पानं लिहायचो, आता दोन पुरतात. मारुती, तीन जागा, एक अवघड निवड, आणि रिकामी नावं, म्हणजे अजून कोणालाच न दिलेली. ही नावं नक्की ठेवा. खेळाडू टांगेवाल्याचंही नाव विचारतात, आणि तुम्ही अडखळलात की टांगेवाला बिनमहत्त्वाचा आहे हे त्यांना लगेच कळतं.

सगळं एका फाशावर टांगणं

चोपडीचा हिशेब मी नंतर मांडून बघितला. कौशल्य 40 टक्के असेल तर एका प्रयत्नात फसण्याची शक्यता 60 टक्के. तीन वेळा प्रयत्न करू दिला तरी तिन्ही वेळा फसण्याची शक्यता जवळजवळ 22 टक्के उरते. पाचातल्या एका टेबलावर कथा ठप्प. म्हणजे ‘अजून एकदा टाक’ हा काही उपाय नाही.

ज्या सुगाव्याशिवाय कथा पुढे सरकत नाही, तो फासा न टाकता मिळालाच पाहिजे. फासा किंमत ठरवायला ठेवा: किती वेळ गेला, कोणाला पत्ता लागला, काय गमावलं. मोडीचा फासा फसला तर चोपडी बाहेरच्या कोणाकडून तरी वाचून घ्यावी लागेल, आणि आता त्या माणसालाही सगळं माहीत असेल. अपयशातून नवा माणूस आणि नवा धोका आला, कथा कुठेही अडली नाही.

शिवाय एकाच गोष्टीकडे नेणाऱ्या तीन खुणा तरी वेगवेगळ्या ठिकाणी पेरा. एक खूण खेळाडू बघतच नाहीत, दुसरीचा भलताच अर्थ लावतात, तिसरी लागू पडते. फाटलेलं पान, पुसून परत लिहिलेला आकडा, ओलसर बोटांचे ठसे: चोपडी वाचता आली नाही तरी तिच्याकडे बघून एवढं कळायला हवं होतं.

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फँटसी खेळात याच चुकीचं दुसरं रूप दिसतं. जीएम खुनाचं सुंदर कोडं रचतो आणि पाचव्या लेव्हलचा (लेव्हल म्हणजे पात्राच्या ताकदीची पायरी) क्लेरिक, म्हणजे देवाच्या बळावर मंत्र टाकणारं पात्र, मृतांशी बोलायचा मंत्र काढतो: प्रेताला पाच प्रश्न. अशा वेळी मंत्रावर बंदी घालू नका. खेळाडूने ती ताकद कमावली आहे. प्रेताला जिवंतपणी जेवढं माहीत होतं तेवढंच ते सांगू शकतं, म्हणून मेलेल्याने मारेकऱ्याला पाहिलंच नव्हतं असं आधी ठरवा, आणि त्या पाच उत्तरांतून एक नवं दार उघडू द्या. पात्रांच्या लेव्हल वाढताना पुढच्या दोन लेव्हलचे मंत्र आधी वाचून ठेवले तर असे धक्के बसत नाहीत.

भीती उधळणं

भयाच्या कॅम्पेनमध्ये दर सेशनला राक्षस दाखवायची हौस आवरा. 1981 पासून खेळल्या जाणाऱ्या कॉल ऑफ क्थुलूमध्ये पात्राचं मानसिक बळ सॅनिटीच्या आकड्यात मोजतात. समजा 55 ने सुरुवात झाली आणि दर सेशनला सरासरी 5 गेले, तर अकरा सेशनांत पात्र संपलं. वर्षभराची कॅम्पेन करायची असेल तर हा हिशेब आधीच मांडायला हवा. आमच्याकडे चार सेशनांतून एकदाच काहीतरी समोर येतं. बाकी वेळी खारट पाणी, बंद दार, आणि जी बाई कालपर्यंत ओळख देत होती तिने आज न दिलेली ओळख.

त्या खेळातला एक नियम मला फार आवडतो. एकाच फटक्यात 5 किंवा जास्त सॅनिटी गेली की बुद्धीचा फासा टाकायचा, आणि तो यशस्वी झाला तर तात्पुरतं वेड लागतं. काय पाहिलं ते ज्याला नीट समजलं, तोच ढासळतो. अशा क्षणी जीएमने बोलणं थांबवावं आणि खेळाडूला विचारावं, ‘तुला आत्ता काय कळलं?’

फँटसी खेळात भीती आणायची तर अडचण विश्रांतीची असते. आठ तास झोपलं की सगळे हिट पॉइंट (पात्र किती मार सोसू शकतं तो आकडा) परत, मग कशाची भीती? डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या डंजन मास्टर्स गाइड या नियमपुस्तकात यासाठी पर्यायी नियम आहे: छोटी विश्रांती आठ तासांची, मोठी सात दिवसांची. तो पहिल्याच सेशनला जाहीर करून लावा. मधेच लावला तर खेळाडूंना फसवल्यासारखं वाटतं, आणि त्यांचं बरोबर असतं.

सगळे येतील तेव्हाच खेळू

सर्वांत जास्त कॅम्पेन याच वाक्याने मारल्या आहेत. प्रत्येक खेळाडू दहापैकी आठ वेळा येतो असं धरलं, तरी सहाच्या सहा जण एकाच दिवशी हजर असण्याची शक्यता फक्त 26 टक्के. तेच ‘चार आले तरी खेळू’ असं ठरवलं की शक्यता 90 टक्क्यांवर जाते. नियम, कथा, नकाशे यांतल्या कशानेच एवढा फरक पडत नाही. ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि चार जणांचा कोरम.

गैरहजर खेळाडूचं पात्र दुसऱ्याने चालवू नये. ते पात्र त्या दिवशी दुसऱ्या कामावर गेलंय असं समजायचं आणि ते काम काय होतं हे खेळाडू परत आल्यावर त्यालाच सांगू द्यायचं.

वर्षाचं कॅलेंडरही आधीच समोर ठेवा. आमच्यातल्या एकाची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी सुरू असताना तो नसतोच. एक अंबडच्या एमआयडीसीत शिफ्टवर असतो. म्हणून कॅम्पेनचा एक मोठा टप्पा आम्ही जानेवारीअखेर संपवतो आणि काढणीच्या दिवसांत एकेका संध्याकाळीत संपणारे छोटे खेळ घेतो.

न विचारता सुरुवात करणं

फासे हातात घेण्याआधी एक बैठक फक्त बोलण्यासाठी ठेवा. काय अजिबात नको, काय चालेल पण पडद्याआड हवं, हे प्रत्येकाकडून घ्या. चारचौघांत सांगायचा संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर घ्या. टेबलावर फुलीचं कार्ड ठेवा. कोणी त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही.

आपल्याकडे यात एक गोष्ट जास्तीची लागते. परदेशी खेळांत भूत लागणं हा करमणुकीचा भाग असतो, पण आपल्या टेबलावर बसलेल्या एखाद्याच्या आत्याच्या खरोखर अंगात येत असतं. कोणाच्या घरी मागच्याच वर्षी त्र्यंबकेश्वरला विधी झालेला असतो. मी म्हणून चालत्या देवस्थानांना आणि विधींना खेळात खलनायकाचं हत्यार करत नाही. पडका वाडा, आटलेला आड, नदीचं पाणी, सावकाराची हाव एवढ्यावर वर्षानुवर्षं खेळता येतं.

कॅम्पेन आधीच अडकली असेल तर

पहिल्यांदा खेळ थांबवा आणि गोष्टीबाहेर येऊन विचारा: कशात मजा येतेय, कशात नाही? उत्तर ऐकताना स्वतःची बाजू मांडू नका. मग जे धागे कोणालाच आठवत नाहीत ते निर्दयपणे कापा. खेळातला काळ पुढे सरकवा. आणि शेवट किती सेशनांवर आहे ते उघड सांगा. ‘अजून चार शनिवार’ म्हटलं की सुटलेली माणसंही परत येतात.

वाड्याची कॅम्पेन आम्ही दीड वर्षाने अशीच परत उघडली. सहातले चौघे आले. मी चित्र टेबलावर ठेवलं, खेळातले तीन आठवडे गेलेत असं सांगितलं आणि पाणी कंबरेवरून छातीला नेलं. मग ज्याचा फासा 83 पडला होता त्याला विचारलं, ‘एवढ्या दिवसांत मोडी कोणाकडून वाचून घेतलीस?’

तो बराच वेळ चित्राकडे बघत राहिला. म्हणाला, ‘सावकाराकडून. दुसरं कोणी उरलंच नव्हतं.’