दोघांनी मिळून अँडीजमधला सांता क्रूस ट्रेक कसा करावा

कळसूबाई सहज चढून येणारं जोडपंही वारासमधल्या हॉटेलचा जिना चढताना धापा टाकतं. कळसूबाई १,६४६ मीटर. पेरूतलं वारास सुमारे ३,०५० मीटर, आणि सांता क्रूस ट्रेकमधली पुंता उनियोन ही खिंड ४,७५० मीटर. विरळ हवेला सरावण्याचा वेग ज्याचा-त्याचा वेगळा, आणि फिटनेसवरून तो ओळखता येत नाही. रोज पळणारा आडवा होतो आणि ‘मला जमेल का’ म्हणणारी मजेत चालते, असंही घडतं. म्हणून दोघांनी जाताना नियम एकच: जो हळू सरावतो, त्याच्या चालीने सगळा बेत आखायचा. ट्रेक सुमारे ५० किलोमीटरचा, चार दिवसांचा. बेत मात्र दहा दिवसांचा करा.

हंगाम आणि कागदपत्रं

मे ते सप्टेंबर. आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा तिथे कोरडा हंगाम असतो. व्हिसाचे नियम तिकीट काढण्याआधी पेरूच्या वकिलातीकडून तपासा. वास्करान राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट लागतं. गाइडशिवाय सोडतात का, हे वारासमधल्या उद्यान कार्यालयात त्या-त्या वेळी विचारा, कारण नियम बदलत असतात. गावांत कार्ड चालत नाही. सुट्ट्या नोटांत सोल (पेरूचं चलन) जवळ ठेवा.

आधी सरावा

लिमाहून वारासला बसने साधारण आठ तास लागतात. पोहोचल्यावर पहिला दिवस नुसतं बाजारात हिंडा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विल्काकोचा तळं (सुमारे ३,७०० मीटर) करून या, मग एक दिवस सोडून लागुना ६९ हे तळं (सुमारे ४,६०० मीटर). चढायचं वर, झोपायला यायचं खाली. एकाचं डोकं ठणकतंय आणि दुसरा ठणठणीत आहे, तर दोघांनीही थांबायचं. ‘तू आराम कर, मी जाऊन येतो’ हे इथे नको. त्याने दोघांमधलं अंतर वाढतं आणि ट्रेकवर ते महागात पडतं.

विरळ हवेचा त्रास टाळायला घेतात त्या अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्यांबद्दल निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोला, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर नक्कीच. कोकाच्या पानांचा चहा तिथे सर्रास मिळतो आणि कायदेशीर आहे. प्या, पण पानं किंवा टी-बॅग भारतात आणू नका.

ओझं वाटणं

‘निम्मं-निम्मं’ हा न्याय दिसायला बरा, पण वजन शरीराच्या मानाने वाटा. पाठीवरची सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास राहिली तर उत्तम. तंबू, स्टोव्ह, पातेलं एकेकच पुरतं. मात्र स्लीपिंग बॅग, जाड जाकीट, हेडटॉर्च, पाणी आणि एक वेळचं खाणं प्रत्येकाकडे स्वतंत्र हवं, म्हणजे धुक्यात चुकामूक झाली तरी कोणी उघडं पडत नाही. रात्री पारा शून्याखाली जातो. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, वारासमध्ये घ्या. सॅक झेपत नसेल तर ट्रेकच्या एका टोकाच्या काशापांपा गावात गाढववाला ठरवा. यात कमीपणा काही नाही.

खाण्याचं म्हणाल तर ४,२०० मीटरवर पाणी साधारण ८६ अंशांनाच उकळतं. डाळ शिजता शिजत नाही, गॅस मात्र संपतो. ओट्स, नूडल्स, चीज, पाव बाजारात मिळतात. घरचे जाड पोहे नुसते भिजवून होतात. विमानतळावर ते जाहीर करा. दरीत गाई चरतात, त्यामुळे ओढ्याचं पाणी गाळून-उकळूनच प्यायचं.

वाट

सुरुवात काशापांपाकडून (२,९०० मीटर) करा, असं माझं मत. बरेच जण दुसऱ्या टोकाच्या वाकेरियाकडून निघतात, कारण चढ कमी. पण काशापांपाकडून निघालात तर खिंडीपर्यंत कधीही पाठ फिरवली की उतारच लागतो. पहिला मुक्काम यामाकोराल (सुमारे ३,७५० मीटर). पुढे दरीचा तळ वाळू-दगडांनी भरलेला दिसेल: २०१२ साली वर हिमनदीचं तळं फुटून लोंढा आला, त्याची ही खूण. पाय रुतत असल्याने सपाटीवरही दमछाक होते. दुसरा मुक्काम ताउयिपांपा (सुमारे ४,२५० मीटर).

तिसऱ्या दिवशी खिंड. उजाडताच निघा, दुपारनंतर ढग दाटतात. हळू चालणारा पुढे, भरभर चालणारा मागे. उलटं केलं की काय होतं, हे सह्याद्रीतही पाहिलं असेल: पुढचा दगडावर बसून ताजातवाना होतो आणि मागची धापा टाकत पोहोचली की लगेच ‘चला’ म्हणून उठतो. कड्यातल्या खाचेतून पलीकडे उतरलात की रात्र पारियाला.

उतरायचं कधी

डोकेदुखीसोबत मळमळ किंवा उलटी असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही. सकाळीही तसंच असेल तर खाली. रोज संध्याकाळी तंबूपाशी टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चाला, दोघांनीही. तोल गेला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी त्याच वेळी उतरायला लागा. जोडप्यांत एक मेख असते. हट्ट, चिडचिड, ‘मला एकटं सोड’ हा रुसवा वाटतो. तो मेंदूला सूज येत असल्याचाही इशारा असू शकतो. आजारी माणसाला स्वतःचं कळत नाही, म्हणून वारासमध्येच ठरवून टाका: दोघांपैकी एकाने ‘खाली’ म्हटलं की वाद नाही.

परतीची गाडी

शेवटच्या दिवशी वाकेरियाला दुपारच्या आत पोहोचा, नंतर गाड्या विरळ होतात. गावाआधी एक शेवटचा चढ आहे, त्यासाठी पाणी राखा. युंगायकडे जाणारी गाडी पुन्हा ४,७०० मीटरच्या वर चढून मग उतरते. जाकीट हाताशी ठेवा, आणि वळणांची गाडी लागत असेल तर गोळी बसण्याआधीच घ्या.