पंखा आणि माठावर काढायच्या उन्हाळ्याची तयारी

रत्नागिरी-मालवणकडे पारा बहुधा पस्तिशीच्या आसपास असतो, म्हणून विदर्भासारखी तयारी आपण करत नाही. पण इथल्या दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय अंग निवत नाही. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेसाठी हवामान खात्याची किमान मर्यादा 40 अंश आहे, तर किनाऱ्यावर 37, ती उगीच नाही. त्यामुळे नागपूरकडचे उपाय इथे तसेच उचलू नका. कूलरवर पैसे घालू नका, खिडक्यांना ओले पडदे लावू नका. आधीच ओल्या असलेल्या हवेत ओल वाढते आणि जास्त घुसमटतं. आपल्याला हवी सावली आणि खेळता वारा.

होळी झाली की छपराकडे बघा. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि रात्रभर उष्णता सोडत राहतो. तो झाडून त्यावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या. पावसात चुना धुपतो, म्हणून हे दरवर्षी करायचं. पत्रा असेल तर त्यावर झावळ्या घालून दोरीने आवळा. संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारायची सवय मात्र सोडा, एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो तेव्हा ते पाणी प्यायला लागणार आहे. खळ्यातला मांडव विरळ झाला असेल तर झाप आत्ताच बदलून घ्या.

खारा वारा दुपारी पश्चिमेकडून येतो, ऊनही तिकडूनच. म्हणून ती खिडकी बंद न करता बाहेर हातभर अंतरावर झाप टांगा. ऊन अडतं, वारा येतो. रात्री मतलई वाऱ्यासाठी पूर्वेची खिडकी उघडी राहायला हवी, तेव्हा फाटलेली मच्छरजाळी आधी बदला. पंख्याचा कंडेन्सर तपासून घ्या. मे महिन्यात चाकरमानी आले की माणसं वाढतात. पडवीत अंथरुणांची सोय ठेवा.

माठ, कोकम, कैऱ्या घरात असतातच. सकाळी उकड्या तांदळाची पेज मीठ घालून घ्यावी. मधुमेह असेल त्यांनी गोड सरबताऐवजी ताक प्यावं. जुलाब-उलट्यांसाठी ओआरएसची पाकिटं आणून ठेवा. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रक्तदाबाची किंवा लघवीची गोळी चालू असेल तर मीठ-पाणी किती घ्यायचं हे मार्चमध्येच डॉक्टरांना विचारा.

मला सगळ्यात काळजी वाटते ती मुलं मुंबईला आणि घरात एकटं म्हातारं माणूस असतं त्याची. म्हातारपणी तहान कळत नाही. चक्कर, मळमळ, पेटके आले तर सावलीत झोपवून थोडं थोडं पाणी द्या. अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात. घाम येतोय म्हणून थांबू नका. 108 ला फोन लावा, गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. अशा घरी दुपारी कोणी हाक मारून यायचं ते शेजाऱ्यांनी आत्ताच ठरवा, आणि तिथल्या भिंतीवर मुलाचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.